पिवळ्या चोचीच्या धनेशाची मादी खरंच कोंडलेली असते का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरचं एक जोडपं जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलं. साटारा कॅम्पच्या मुक्कामात पिवळ्या चोचीचा एक धनेश रोज सकाळी चोचीत किडा धरून एकाच झाडाकडे जाताना त्यांना दिसायचा. बरोबरच्या गाडीवाल्यानं सांगितलं, की नरानं मादीला ढोलीत चिणून ठेवलंय, ती पळून जाऊ नये म्हणून. हे खरं का? नर मेला तर आतल्या मादीचं काय होतं? आणि उन्हामुळे हे पक्षी संपत चाललेत असं वाचलं, त्यात तथ्य किती?

दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानात लोकांना पक्षी दाखवणं हेच माझं काम आहे, आणि हा धनेश माझ्या रोजच्या बघण्यातला. तिन्ही प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांची उत्तरं फिरून नराच्या चोचीपाशीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नर मादीला कोंडत नाही. ढोली आतून बंद होते आणि बंद करणारी मादीच असते. हे पक्षी ढोली स्वतः कोरत नाहीत. मोडलेल्या फांदीच्या जागी कुजून पडलेलं भोक किंवा तांबट-सुतारांच्या गोतातल्या पक्ष्यांनी सोडून दिलेली ढोली त्यांना लागते. पावसाची चाहूल लागली की जोडी ढोल्या बघत फिरते. जागा पसंत पडली की मादी आत शिरते आणि तोंड लिंपायला घेते. चिखल, स्वतःची विष्ठा, खाल्लेल्या किड्यांचे अवशेष, जे हाताशी असेल ते चोचीच्या चपट्या बाजूनं गवंड्याच्या थापीसारखं थापटत जाते. वाळल्यावर हा गिलावा चांगला टणक होतो. शेवटी उरते ती एक उभी फट, जेमतेम बोटभर रुंद. फट उभी असण्यालाही अर्थ आहे. वरच्या टोकातून आतली गरम हवा बाहेर पडते आणि खालून ताजी आत येते, असं मानलं जातं.

भिंत घालायचं कारण पाहायला फार लांब जावं लागत नाही. या रानात झाडावर चढणारे साप आहेत, घोरपडी आहेत, जेनेटसारखे रात्री हिंडणारे शिकारी आहेत. शिवाय ढोल्या कमी आणि मागणारे पुष्कळ. दुसरी जोडी येऊन ढोली बळकावू शकते. बोटभर फटीतून यातलं काहीच सहजी आत येत नाही, आणि कुणी तोंड घातलंच तर समोर मादीची टोकदार चोच असते. बऱ्याच ढोल्यांत वरच्या बाजूला एक पोकळी असते. धोका जाणवला की मादी तिथे वर चढून बसते आणि खालून हात घालणाऱ्याला ढोली रिकामी वाटते. जोडी ढोली बघत असते तेव्हा तोंडाबरोबर आतला हा आडोसाही बघत असणार, असं मला अनेकदा वाटलं आहे.

तेव्हा हा मादीचा बंदोबस्त आहे, तिची शिक्षा नव्हे. तिनं घातलेली भिंत ती स्वतः फोडू शकते आणि वेळ आली की फोडतेही.

आता आतली गोष्ट. कोंडून घेतल्यावर काही दिवसांत मादी पहिलं अंडं घालते. मग एकेका-दोन-दोन दिवसांच्या अंतरानं बाकीची, एकूण साधारण तीन-चार. याच सुमारास तिच्या पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं जवळजवळ एकदम झडतात. इतर बहुतेक पक्ष्यांची पिसं एकेक करून बदलतात, कारण त्यांना रोज उडायचं असतं. हिला उडायचंच नसतं, म्हणून सगळं एकाच वेळी उरकून घेते. अंडी उबायला सुमारे २४ दिवस लागतात. ती ज्या क्रमानं घातली त्याच क्रमानं फुटतात, त्यामुळे एकाच ढोलीत चांगलं वाढलेलं थोरलं आणि अजून उघडंबोडकं धाकटं शेजारी-शेजारी दिसतं. थोरलं पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की मादी भिंत फोडून बाहेर येते. तोवर तिची नवी पिसं आलेली असतात. मग आई-बाप दोघंही खाणं आणायला लागतात. यात मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. आई गेल्यावर फुटलेलं तोंड पिल्लं स्वतःच परत लिंपून घेतात. ज्यांनी कधी बाहेरचं जग पाहिलं नाही, ती आतल्या विष्ठेनं आणि उष्ट्या-खरकट्यानं तीच उभी फट पुन्हा तयार करतात. साधारण ४५ दिवसांची झाली की तीही भिंत फोडून बाहेर पडतात.

आता या सगळ्या काळात खाणं कोण पुरवतं ते बघा. अंडी घालण्याआधीचे दिवस, उबवण आणि पुढचे तीन आठवडे धरून दीड महिन्याहून अधिक काळ मादीचं पोट, आणि पुढे पिल्लांचीही पोटं, एकट्या नरावर असतात.

इथे महाराष्ट्रातल्या धनेशांची आठवण काढायला हवी, कारण आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तेच असतात. सिंधुदुर्गातला महाधनेश किंवा नागपूर-पुण्यात वडा-पिंपळावर दिसणारा राखी धनेश यांचीही मादी अशीच कोंडून घेते. पण त्यांचा नर मुख्यतः फळं आणतो. एका खेपेत गळ्यात बरीचशी फळं साठवून आणतो आणि ढोलीपाशी बसून एकेक वर काढून देतो. आफ्रिकेच्या गवताळ रानातला पिवळ्या चोचीचा धनेश मुख्यतः किड्यांवर जगतो. टोळ, भुंगेरे, वाळवी, गोमा, विंचू, सुरवंट, मिळाली तर पालसुद्धा. हे तो चोचीच्या टोकात धरून आणतो आणि बहुतेक वेळा एका खेपेला एकच. म्हणजे प्रत्येक घासाला एक खेप. तुम्हाला सकाळी तो पुन्हा पुन्हा दिसला याचं कारण हेच.

ही खेप जवळून बघायला मिळाली तर सोडू नका. नर आधी शेजारच्या फांदीवर येऊन बसतो. चोचीच्या अगदी टोकाला भुंगेरा, पाय अजून हलत असलेला. मान तिरकी करून एकदा आभाळात बघतो, एकदा खाली. मग झेपावून खोडाला लटकतो, शेपूट सालीवर दाबून धरतो आणि चोच फटीशी नेतो. आतून दुसऱ्या चोचीचं टोक पुढे येतं, भुंगेरा हातोहात जातो आणि नर लगेच निघतो. थोड्या वेळानं त्याच फटीतून विष्ठेची पिचकारी जोरात बाहेर येते, कारण मादी ढोली शक्य तेवढी स्वच्छ ठेवते. झाडाच्या बुंध्यावर फटीखाली पांढरा ओघळ दिसला तर समजावं, आत कुणीतरी आहे.

धनेशाची जीभ आखूड असते. टोकात धरलेला घास जिभेनं मागे ओढता येत नाही, म्हणून तो मान झटकून घास वर उडवतो आणि घशात झेलतो. एवढी चोच पेलण्यासाठी त्याच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात, आणि ही रचना पक्ष्यांमध्ये फक्त धनेशांत आढळते. क्रुगरमध्ये याच रानात लाल चोचीचा धनेशही आहे. तो जमीन आणि शेण उकरून भुंगेरे काढतो. पिवळ्या चोचीचा सहसा उकरत बसत नाही, जमिनीवर दिसेल ते उचलतो. राखी रंगाचा आफ्रिकी धनेश बराचसा झाडावरच चरतो. अ‍ॅलन केम्प यांनी क्रुगरमध्ये या लहान धनेशांचा तपशीलवार अभ्यास केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. तिघांनी रान कसं वाटून घेतलंय हे त्यामुळे नीट कळलं.

किडे शोधायचं हे काम हलकं करायच्याही युक्त्या आहेत. केनियाच्या तारू वाळवंटात पिवळ्या चोचीच्या धनेशाची पूर्वेकडची जात आणि तिचा भाऊबंद फॉन डेर डेकनचा धनेश, हे दोन्ही बुटक्या मुंगसांच्या टोळीबरोबर चरतात. मुंगसं गवतातून चालली की टोळ उडतात, ते धनेश उचलतात. बदल्यात ससाणा-गरुड दिसला की धनेश ओरडतात आणि मुंगसं बिळात जातात. अ‍ॅन रासा यांनी १९८०च्या दशकात हे नोंदवलं. मुंगसं सकाळी वारुळातून वेळेवर बाहेर आली नाहीत तर धनेश वारुळावर बसून वाट बघतात, वारुळाच्या वायुवाटेत ओरडून त्यांना उठवतात. जे शिकारी पक्षी फक्त मुंगसांना खातात, धनेशाच्या वाटेला जात नाहीत, त्यांच्यासाठीही धनेश इशारा देतात. मुंगसाच्या पिल्लाएवढे उंदीर धनेश खातो, पण मुंगसाच्या पिल्लाला हात लावत नाही. सोबतीची किंमत त्याला कळते की काय असं वाटतं, पण एवढ्यावरून तसं नक्की म्हणता येणार नाही.

आता दुसरा प्रश्न, नर मेला तर? ससाण्यानं उचलला, गाडीखाली आला, काहीही होऊ शकतं. मादी काही काळ आत थांबते. ती हळूहळू उपाशी पडते आणि मग भिंत फोडून बाहेर येते. ती आत बसून मरत नाही. पण तेव्हा तिची उडायची पिसं झडलेली किंवा अर्धवट आलेली असली तर बाहेरचे दिवस तिच्यासाठी फार धोक्याचे. अंडी किंवा लहान पिल्लं असली तर ती जगत नाहीत. मादी बाहेर यायच्या बेतात असताना नर गेला, तर थोरलं एखादं पिल्लू एकट्या आईच्या जिवावर वाचू शकतं. नर जिवंत आहे पण खाणं पुरेसं आणत नाही, तेव्हाही हेच घडतं, फक्त सावकाश. आधी धाकटं मरतं, मग मधलं. अंडी मागेपुढे फुटण्याचा उपयोग इथे कळतो. वर्ष चांगलं असेल तर सगळी जगतात, वाईट असेल तर निदान थोरल्याला पोटभर मिळतं.

एक गोष्ट नराच्या बाजूनं सांगायची राहिली. नामिबियात या धनेशाचा जवळचा नातेवाईक आहे, मॉन्टिरोचा धनेश. त्याच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ढोलीतली पिल्लं ज्याची त्या नराचीच निघाली. एकनिष्ठ समजल्या गेलेल्या कित्येक पक्ष्यांत अशी तपासणी केल्यावर वेगळंच चित्र दिसलं आहे, त्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. निदान त्या जातीत तरी इतक्या खेपा घालणारा बाप परक्याच्या पिल्लांसाठी राबत नाही. तुमच्या गाडीवाल्याला मादीवर पहारा दिसला. मला तिथे दोघांनी उचललेला सारखाच धोका दिसतो. तिनं आपले पंख त्याच्या भरवशावर टाकलेले असतात आणि त्यानं सगळा दिवस.

तिसऱ्या प्रश्नाकडे आता नीट जाता येईल. पक्ष्याला घाम येत नाही. तापलेला पक्षी चोच उघडून धापा टाकतो आणि ओलावा उडवून अंग थंड करतो. धनेशाकडे आणखी एक सोय आहे. त्याची चोच रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या धनेशाचे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो घेतले. हवेचं तापमान सुमारे ३०.७ अंशांच्या वर गेलं की तो चोचीत रक्त सोडतो आणि चोचीवाटे उष्णता बाहेर टाकतो. पाणी न उडवता शरीरातून जेवढी उष्णता जाते, तिचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा एकट्या चोचीतून जाऊ शकतो. हा पक्षी पाणी क्वचितच पितो, ओलावा त्याला किड्यांतूनच मिळतो. अशा पक्ष्याला पाणी न खर्चता थंड होणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

पण ही सोय हवा अंगापेक्षा थंड असेपर्यंतच. पक्ष्याचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं. हवाच चाळिशीला पोहोचली की चोचीतून बाहेर टाकायला काही उरत नाही, मग धापाच टाकाव्या लागतात. आणि उघड्या चोचीनं किडा पकडता येत नाही. पकडायचा तर चोच मिटावी लागते, म्हणजे अंग तापतं. कलाहारीत केलेल्या निरीक्षणांत हेच दिसलं, की धापा वाढल्या की शिकार कमी साधते आणि फार तापलेल्या दिवसांत नराचं वजन घटतं. स्वतःचंच पोट भरत नाही तो ढोलीत काय नेणार? तुम्ही विदर्भातले आहात. मे महिन्यात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसलेला पाहिला असेल. तशा दुपारी दिवसभर खेपा घालायच्या, असं समजा.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात कलाहारीत कुरुमन नदीकाठी एक राखीव क्षेत्र आहे. तिथे धनेशांसाठी लाकडी पेट्या टांगल्या आहेत आणि २००८ ते २०१९ या काळात त्या पेट्यांतल्या विणीची नोंद ठेवली गेली. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन हंगामांत ५८ टक्के घरट्यांतून निदान एक पिल्लू उडालं होतं. शेवटच्या तीन हंगामांत हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. दर घरट्यामागे सरासरी १.१ पिल्लू उडायचं, ते ०.४ वर आलं. विणीच्या काळात दिवसाचं सरासरी कमाल तापमान ३५.७ अंशांच्या वर राहिलं, तेव्हा एकही घरटं यशस्वी झालं नाही. दुष्काळ नसलेल्या वर्षांतही उन्हाचा हा परिणाम दिसला. तापमान याच गतीनं वाढलं तर त्या जागी २०२७च्या सुमारास ही मर्यादा विणीच्या सगळ्या काळात ओलांडली जाईल, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग पक्ष्यांनी वीण थोडी अलीकडे, थंडीकडे का ढकलू नये? कारण त्यांची वीण पावसाला बांधलेली आहे. पाऊस पडल्यावर किडे निघतात आणि किडे निघाल्याशिवाय एकट्या नराला घर चालवता येत नाही. कलाहारीत पाऊस उन्हाळ्यातच पडतो. थंडीत हवा बरी, पण ताटात काही नाही. शिवाय मादीला उन्हाच्या वेळी ढोली सोडून सावलीत जाता येत नाही. जी भिंत सापाला बाहेर ठेवते, तीच तिला त्या तापलेल्या ढोलीत ठेवते.

तरी घाबरून जाऊ नका. ही जात आज धोक्यात मानली जात नाही. नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग, मोझांबिक, अंगोलाचा दक्षिण भाग, असा तिचा मोठा पसारा आहे. क्रुगरमध्ये ती अजून सहज दिसते. कुरुमनकाठची आकडेवारी सगळ्या पसाऱ्याला लावू नये. पण हा कोरड्या, तापलेल्या कडेवरचा भाग आहे आणि तिथे एका दशकात काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. मोठे पक्षी उन्हानं पटापट मरून पडले, असं तिथे झालं नाही. मोठे दिसत राहिले आणि मागे पिल्लं उरली नाहीत. असा ऱ्हास सहलीला आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही, म्हणून अशा नोंदींचं महत्त्व फार आहे.

पेट्या टांगून प्रश्न सुटेल का, असं मला पुष्कळ जण विचारतात. ढोल्यांची टंचाई असेल तिथे पेटीचा उपयोग होतो. पण पातळ फळ्यांची पेटी जाड खोडातल्या ढोलीपेक्षा लवकर तापते. जुनी, जाड बुंध्याची झाडं, कलाहारीतले कॅमलथॉर्न, क्रुगरकडचे मरुला आणि लेडवूड, ही उभी राहणं पेट्यांपेक्षा अधिक मोलाचं. जळणासाठी आणि शेकोटीच्या लाकडासाठी हीच झाडं आधी तोडली जातात.

पुन्हा जाल तेव्हा थोडी काळजी घ्या. धनेशाचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका. परका नर आला असं समजून तो खेपा सोडून तुमच्याभोवती ओरडत फिरतो आणि तेवढा वेळ ढोलीत काही जात नाही. ढोली सापडली तर गाडी लांब उभी करा, दहा-पंधरा मिनिटं बघा आणि निघा. कॅम्पात टेबलावर येऊन बसतो तेव्हा पाव-चिप्स देऊ नका. पिल्लाला पावानं काही मिळत नाही आणि पक्ष्याला माणसांची सवय लागते. गाडीच्या आरशावर चोच मारत असेल तर आरसा पिशवीनं झाका, तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत असतो. आणि विणीच्या खेपा पाहायच्या असतील तर पहिला चांगला पाऊस झाल्यानंतरचे आठवडे धरा, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत.